विजेचा झटका : कुणाच्या हातात, कुणाच्या अंगावर?

(नगर जिल्ह्यातल्या स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘स्वसंरक्षणाची नवी साधने’ असा विषय लिहिलेला आहे. हा विषय का ठेवला ते आधी सांगते, कारण पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या मैत्रिणींना मागचा संदर्भ माहीत नसेल.

काही आठवड्यांपूर्वी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं आमच्या गटापुढे प्रस्ताव ठेवला. कॉलेजला एसटीनं जाणाऱ्या दोनशे मुलींना विजेचा झटका देणारी छोटी यंत्रं वाटायची. खर्च त्यांचा, कार्यक्रम आपल्या संघटनेच्या नावानं. गटातल्या निम्म्याजणी म्हणाल्या, घेऊया. निम्म्याजणी गप्प बसल्या. मी विरोध केला, तेव्हा एक तरुण कार्यकर्ती मला म्हणाली, “ताई, तुम्ही नुसत्या समित्या आणि निवेदनं करा. पोरगी रात्री आठच्या गाडीनं उतरते, तिच्या हातात काय आहे?”

तिचा प्रश्न खोटा नाही. आपण कोपर्डीच्या जिल्ह्यातल्या बायका आहोत. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यात पंधरा वर्षांच्या मुलीवर जे झालं, त्यानंतर प्रत्येक घरात मुलीला शाळेत पाठवायचं कसं यावर बोलणं झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली, पण त्या शिक्षेनं संध्याकाळची वाट सुरक्षित झाली असं आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाला मला नीट उत्तर द्यायचं आहे. आधी हे यंत्र काय करतं ते समजून घेऊ, मग ते कुणाच्या कामाचं आहे ते पाहू.

झटका मशीन आपल्या ओळखीचंच आहे

आपल्यातल्या बहुतेकींच्या शेताला, नाहीतर शेजाऱ्याच्या शेताला, झटका मशीन आहे. रानडुकरं उसात, मक्यात शिरू नयेत म्हणून तारेचं कुंपण असतं, त्याला बॅटरी आणि सोलर पॅनल. तारेला हात लागला की आपण किंचाळून मागे होतो, पण मरत नाही. याउलट कुणी त्याच तारेत खांबावरची वीज थेट सोडली, तर माणसं मरतात. दरवर्षी कुठे ना कुठे अशी बातमी आपण वाचतो. आता गंमत अशी, की झटका मशीनचा दाब असतो आठ-दहा हजार व्होल्ट आणि घरच्या विजेचा फक्त २३० व्होल्ट. मग कमी व्होल्टचीच माणूस का मारते?

व्होल्ट म्हणजे पाइपातल्या पाण्याचा दाब समजा, आणि अँपियर म्हणजे किती पाणी वाहिलं ते. पिचकारीचा दाब जोरात असला तरी त्यात पाणी चार थेंब. कालव्याला पिचकारीइतका जोर नाही, पण तो माणूस वाहून नेतो. झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ वीज सोडतं. घरची वीज मात्र सलग वाहते. तिचा शंभर मिलीअँपियरच्या आसपास प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर हृदयाचा ताल बिघडतो. तेव्हा माणूस मरतो की वाचतो हे नुसत्या व्होल्टवर ठरत नाही. किती प्रवाह, किती वेळ आणि शरीराच्या कुठल्या भागातून, यावर ठरतं.

हातात धरायचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. आत छोटी बॅटरी, दाब वाढवणारं सर्किट आणि पुढे धातूची दोन टोकं. बटण दाबलं की टोकांमध्ये निळी ठिणगी कडकडते. खोक्यावर छापलेलं असतं ‘दहा लाख व्होल्ट’, ‘पन्नास लाख व्होल्ट’. हे आकडे सरळ खोटे आहेत. कोरड्या हवेतून एक सेंटिमीटर ठिणगी उडायला साधारण तीस हजार व्होल्ट पुरतात. यंत्राच्या टोकांत तीन-चार सेंटिमीटरचं अंतर असतं, म्हणजे लाखाच्या आसपास दाब चढला की ठिणगी उडणारच. तिथे पन्नास लाख साठणार कुठे? आपल्या भीतीवर धंदा करणारा पहिला खोटेपणा इथून सुरू होतो.

दुसरा प्रकार पोलिसांकडचा, टेझर नावाचा. अमेरिकेत जॅक कव्हर या संशोधकानं तो १९७० च्या दशकात बनवला आणि १९११ च्या एका मुलांच्या कादंबरीतल्या काल्पनिक विजेच्या बंदुकीवरून त्याचं नाव ठेवलं. यात दाबलेल्या वायूनं दोन बारीक काटे सुटतात, त्यांच्या मागे पातळ तारा असतात, आणि ते काही मीटर अंतरावरच्या माणसाच्या कपड्यात, कातडीत रुततात. त्याच्या एका प्रसिद्ध मॉडेलचा दाब पन्नास हजार व्होल्ट सांगतात. तो कपड्यांतून उडी मारायला लागतो. शरीरापर्यंत पोचेतो तो बाराशेच्या आसपास येतो. सेकंदाला एकोणीस ठोके, एकदा घोडा ओढला की पाच सेकंद. दोन काट्यांत फूटभर अंतर पडलं की मधले सगळे स्नायू एकदम आवळतात आणि माणूस लाकडासारखा पडतो.

हा फरक लक्षात ठेवा. काट्यांमधल्या अंतरामुळे स्नायू बंद पडतात. आपल्याला विकलं जातं त्या हातातल्या यंत्राची टोकं चार बोटांवर असतात, त्यामुळे ते फक्त दुखवतं. माणूस पडत नाही.

पर्समधलं यंत्र

हे मी पुस्तकातून सांगत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना झाली तेव्हा मी एम.एस.डब्ल्यू. करत होते. सगळीकडे तेच बोलणं. मुंबईत एका पक्षानं बायकांना चाकू वाटले. चेन्नईच्या विद्यार्थ्यांनी झटका देणारी अंतर्वस्त्रं तयार केली, त्याचं पेपरात कौतुक झालं. मीही एक यंत्र विकत घेतलं. पहिल्याच दिवशी होस्टेलवर मैत्रिणीकडून स्वतःच्या दंडावर लावून पाहिलं. सणकून दुखलं, मी ओरडले आणि हात मागे घेतला. हात मागे घेता आला, हे महत्त्वाचं. चिडलेल्या, दारू प्यालेल्या माणसाला तो मागे घेता येईल, आणि माझ्या हातातून यंत्र काढूनही घेता येईल. ते वापरायचं तर त्याला चिकटून दोन-तीन सेकंद टेकवून धरावं लागतं. म्हणजे ज्याच्यापासून लांब पळायचं, त्याच्या मिठीत जावं लागतं. थंडीतल्या जाड जर्किनवर तर काहीच होत नाही. पर्समध्ये तळाशी गेलं, चार्जिंग संपलं, हे वेगळंच. आणि जिथे पेट्रोल किंवा रॉकेल सांडलेलं आहे तिथे ही ठिणगी म्हणजे काडीच.

तरीही तीन-चार वर्षं मी ते बाळगलं. धीर वाटायचा, हे मी नाकारत नाही. मग गटातली एक मैत्रीण रात्रपाळीहून एकटी यायची, तिला ते देऊन टाकलं. मला वाटलं, चांगलं काम केलं.

सहा महिन्यांनी ती माझ्याकडे आली. पोलक्याची बाही वर करून तिनं दंड दाखवला. लाल ठिपक्यांच्या जोड्या होत्या. दोन ठिपके, मध्ये चार बोटं अंतर, पुन्हा दोन ठिपके. पाठीवरही तसेच. नवऱ्यानं पर्समधून यंत्र काढलं होतं आणि पगार हातात दिला नाही की तो ते वापरत होता. “मारलं तर वळ दिसतात,” ती म्हणाली, “याचं काही दिसत नाही, म्हणून त्याला बरं पडतं.”

मैत्रिणींनो, ते यंत्र मी दिलं होतं. पाठीवरच्या त्या खुणा मी आजही विसरलेले नाही, आणि आज मी हे भाषण करते आहे ते त्यामुळेच.

बाईवर हात टाकणारा बहुधा कोण असतो? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन देणारा, मालक. त्या माणसाला आपली पर्स कुठे असते ते माहीत असतं. नवऱ्याचा हिंसाचार तर या आकड्यात येतही नाही. घरातल्या ज्या वस्तूनं बाई स्वतःला वाचवू शकते, ती वस्तू घरातली सत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात जायला वेळ लागत नाही.

कायद्याचंही सांगते. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क आपल्याला आहेच. आधी तो भारतीय दंडविधानात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्काराच्या हेतूनं हल्ला झाला तर बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बाईला संरक्षण देतो. हातात काय होतं, लाटणं की दगड, याला महत्त्व नाही. पण २०१६ च्या शस्त्र नियमांत माणसाला निकामी करणाऱ्या विद्युत उपकरणांचाही विचार झालेला आहे. ऑनलाइन सहज मिळतं म्हणून ते परवान्याशिवाय बाळगायला मोकळं आहे असं गृहीत धरू नका. उद्या आपल्या नावानं वाटलेल्या यंत्रावरून एखाद्या मुलीवरच गुन्हा दाखल झाला, तर पुढारी जामिनाला येणार नाहीत.

बटण पोलिसाच्या हातात असतं तेव्हा

आता दुसरी बाजू. पोलिसांना टेझर द्यावा असं म्हणणारे सांगतात, की गोळीपेक्षा झटका बरा. गोळी झाडायचीच वेळ आली असेल आणि त्याऐवजी झटका दिला, तर एक जीव वाचतो, हे मान्य. पण प्रत्यक्षात तो गोळीच्या जागी येतो, की जिथे आधी नुसतं बोलून भागत होतं तिथे येतो?

ऑस्ट्रेलियात कूमा या गावात क्लेअर नाउलँड नावाच्या पंचाण्णव वर्षांच्या आजी वृद्धाश्रमात राहत. स्मृतिभ्रंश झालेला, चालायला वॉकर. मे २०२३ मध्ये एका पहाटे त्यांच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी होती आणि त्या खाली ठेवेनात. पोलीस बोलावले गेले. पोलिसानं टेझर झाडला, आजी पडल्या, डोक्याला मार लागला, आठवड्याभरात गेल्या. २०२४ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं, पण २०२५ मध्ये शिक्षा झाली ती तुरुंगाविना. विचार करा, आपल्या घरातली म्हातारी अशी सुरी घेऊन बसली तर आपण काय करतो? चहा देतो, नातवाला पुढे करतो, वाट पाहतो. हातात बटण असलं की वाट पाहणं संपतं.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एप्रिल २०२१ मध्ये एका पोलीस बाईनं टेझर काढते आहे असं समजून पिस्तूल काढलं आणि डाँटे राइट हा वीस वर्षांचा काळा तरुण मेला. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०१२ मध्ये सांगितलं होतं, की २००१ पासून त्या देशात टेझरचा झटका दिल्यानंतर किमान ५०० माणसं दगावली. प्रत्येक मृत्यू झटक्यामुळेच झाला असं नाही. कुणाचं हृदय कमजोर असतं, कुणी नशेत असतं, कुणाला पुन्हा पुन्हा झटके दिलेले असतात, कुणी पडून डोकं फुटतं. पण झटका देणाऱ्याला समोरच्याचं हृदय कसं आहे हे कुठे दिसतं? पोटुशी बाई आहे की नाही, हे तरी कुठे कळतं?

आणि विजेची पराणी आधी जनावरांसाठी होती. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या काळ्या माणसांवर पोलिसांनी तीच गुरं हाकायची पराणी वापरली. कुणाला माणूस समजायचं आणि कुणाला गुरं, हे तिथेही आधीच ठरलेलं होतं.

कोठडीतली वीज

ज्या मैत्रिणीची गोष्ट मी सांगितली, तिच्याबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते सांगत नाही. अंमलदार ठिपके बघून म्हणाले, “डास चावलेत.” तक्रार घेईनात. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो होतो. शेजारी पारधी वस्तीवरची एक मावशी मुलाला भेटायला सकाळपासून बसली होती. तिनं माझ्या मैत्रिणीचा दंड धरला, बारकाईनं पाहिला आणि विचारलं, “तुला बी आत घेतलं व्हतं का?”

मला आधी प्रश्न कळलाच नाही. मग ती म्हणाली, “असेच ठिपके माझ्या मालकाच्या मांडीवर व्हते. चोरी कबूल कर म्हनून. ताई, आमाला ही वीज नवी न्हाई.”

एकीला नवऱ्यानं, दुसरीच्या नवऱ्याला कोठडीत. कारणही एकच. मार दिसतो, वीज दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. १९६० मध्ये अल्जेरियात फ्रेंच सैनिकांनी जमिला बुपाशा या तरुणीला पकडून विजेचे झटके दिले. तिची वकील झिझेल हालिमी आणि लेखिका सिमोन द बोव्हार यांनी ते जगापुढे आणलं. आपल्या देशात ऑक्टोबर २०११ मध्ये छत्तीसगडच्या आदिवासी शिक्षिका सोनी सोरी यांनी पोलीस कोठडीत विवस्त्र करून विजेचे झटके दिल्याचं स्वतः सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाला पत्रं लिहिली. त्यांच्यावरचे खटले एकेक करून कोसळले, २०२२ मध्ये शेवटच्या खटल्यातूनही त्या सुटल्या. छळाचा हिशेब मात्र कुणी दिला नाही.

आणि आपली चळवळ कुठून उभी राहिली ते आठवा. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. त्या निकालाविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. अंगावर खूण नाही म्हणजे काही झालंच नाही, हा युक्तिवाद आपण तेव्हा मोडला. विजेचा झटका तोच युक्तिवाद पुन्हा त्यांच्या हातात देतो. म्हणून ज्यांच्या कोठडीत आपली माणसं सुरक्षित नाहीत, त्यांच्या कमरेला आणखी एक, खूण न ठेवणारं हत्यार लावण्याची मागणी स्त्री-संघटनांनी तरी करू नये, असं माझं मत आहे. भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही. लोकसभेनं २०१० मध्ये मंजूर केलेलं छळविरोधी विधेयक पुढे बारगळलं. आपली मागणी इथे असली पाहिजे.

मग आपण करायचं काय?

खूण लवकर जाते, म्हणून पहिलं काम नोंदीचं. घरात असो की कोठडीत, झटक्याची तक्रार आली की त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. डॉक्टरांना ‘मारहाण’ एवढंच लिहू देऊ नका. ठिपके किती, कुठे, दोहोंत अंतर किती, हे लिहायला सांगा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. माझ्या मैत्रिणीचं प्रकरण उभं राहिलं ते अशाच एका डॉक्टरबाईंमुळे. त्यांनी पट्टीनं अंतर मोजून केसपेपरवर लिहिलं आणि ते यंत्राच्या टोकांशी तंतोतंत जुळलं. त्या कागदावर तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळाला.

कुणाला अटक झाली तर अटकेचा कागद, नातेवाइकाला कळवणं आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्येच घालून दिलं आहे. चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं. तिथे आरोपीला बोलायला सांगा, ‘मला झटके दिले’ हे त्याच वेळी नोंदवून घ्या. नंतर सांगितलं की बनाव म्हणतात. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरीच जबाब घ्यावा लागतो. सूर्यास्तानंतर तिला अटक करायची तर खास कारण, महिला अधिकारी आणि न्यायाधीशांची आधी परवानगी लागते.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. २०२५ मध्ये कॅमेरे बंदच असल्याच्या बातमीची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आपल्या तालुक्यातल्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, चित्रण किती दिवस ठेवतात, हे माहितीच्या अधिकारात विचारणारा अर्ज प्रत्येक गटानं या महिन्यात टाकावा. दहा रुपयांचं काम आहे.

आणि त्या तरुण मैत्रिणीला उत्तर. रात्री आठच्या गाडीनं उतरणाऱ्या मुलीच्या हातात काय द्यायचं? ओरडायला आणि सुटायला तिला शिकवूया. मनगट कसं सोडवायचं, पळायचं कुठे, हे आठ दिवसांत शिकता येतं आणि ते कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. ११२ हा नंबर तिला पाठ असू दे. कर्कश शिट्टी द्या, ती हिसकावून घेतली तरी तिच्यानं कुणाला इजा होत नाही. पण त्याचबरोबर गाडी आठऐवजी सहाला सोडा, थांब्यावर दिवा लावा, यासाठी आगारात धरणं धरूया. त्या पुढाऱ्यांना आम्ही कळवलं आहे, की दोनशे यंत्रांचे पैसे थांब्यांवरच्या दिव्यांना द्या. अजून उत्तर आलेलं नाही.

माझ्या मैत्रिणीनं ते यंत्र परत आणून दिलं. आज ते आपल्या कार्यालयाच्या कपाटात आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी बघा, हातात घ्या, आणि दुपारच्या सत्रात मला खुशाल विरोध करा. मतभेद इथेच बोलून संपवूया. ती मावशीही आज इथे आली आहे, शेवटच्या रांगेत बसली आहे. तिच्या मुलाची तारीख येत्या सोमवारी आहे. कोर्टात तिच्याबरोबर कोण कोण येणार, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नावं द्यावीत.